विंडोज ११ : डेटा-संकलन बंद करायचं तर सुरुवात कुठून करावी?

नोंदवही

विंडोज ११ चे सहा नवे लॅपटॉप लावायचे आहेत. चारांवर होम आवृत्ती, दोनांवर प्रो, सगळे २४एच२ (विंडोज ११ चं २०२४ सालचं मोठं अपडेट). काम हिशेबाचं आणि कागदपत्रांचं. लोकांची ओळखपत्रं, सह्या, बँकेचे तपशील स्कॅन होऊन याच यंत्रांवर राहणार. ही माहिती दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेली असणार, म्हणून ती कुठे कुठे जाऊ शकते हे यंत्रं सुरू करण्याआधीच समजून घ्यायचंय.

वाचलं त्यात दोन टोकं दिसली. एक म्हणजे 'टेलिमेट्री (यंत्राच्या वापराच्या कंपनीला आपोआप जाणाऱ्या नोंदी) निरुपद्रवी असते, सोडून द्या'. दुसरं म्हणजे 'एखादी डीब्लोट स्क्रिप्ट (विंडोजचे नको ते भाग काढणारा तयार प्रोग्रॅम) चालवा, होस्ट्स फाइलमध्ये (ठरावीक सर्व्हरची नावं अडवता येतात ती यादी) दोनशे ओळी टाका, झालं'. मला या दोन्हींच्या मधलं, पण नेमकं उत्तर हवंय. होम आणि प्रोवर डायग्नॉस्टिक डेटा पूर्ण बंद होतो का? स्क्रिप्ट वापराव्यात का, आणि वापरल्या तर काय मोडतं? डेस्कटॉपवरच्या फाइली वनड्राइव्हमध्ये जाऊ नयेत यासाठी काय करायचं? आणि केलेल्या सेटिंग्ज अपडेटनंतर टिकतात का?

लिनक्स टाका हा सल्ला कृपया नको. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं.

वाटाड्या

आधी क्रम ठरवू. बहुतेक जण डायग्नॉस्टिक डेटाच्या बटणापासून सुरुवात करतात आणि तिथेच त्यांचा उत्साह संपतो. तुमच्या कामात त्या बटणाचा नंबर बराच खाली लागतो. डायग्नॉस्टिक डेटा म्हणजे मुख्यतः यंत्राबद्दलच्या नोंदी. स्कॅन केलेली कागदपत्रं जशीच्या तशी बाहेर जातात ती दुसऱ्या वाटेने : मायक्रोसॉफ्ट अकाउंट आणि त्याला जोडलेलं वनड्राइव्ह. आधी ती वाट बंद करा.

सेटअप करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर 'बॅकअप'च्या नावाखाली वनड्राइव्हमध्ये जाऊ शकतात. २०२४ पासून तर नव्या यंत्रांवर हे वेगळं न विचारताही सुरू झालेलं आढळतं. बॅकअप म्हटलं की आपण दुसरी प्रत समजतो. इथे फोल्डरचा पत्ताच बदलतो. तुमचा डेस्कटॉप युजर फोल्डरमध्ये न राहता त्यातल्या वनड्राइव्ह फोल्डरच्या आत जातो आणि तिथलं सगळं सर्व्हरशी जुळवलं जातं. वेबवरून एखादी फाइल उडवली तर लॅपटॉपवरूनही जाते. फुकट जागा ५ जीबी, स्कॅनच्या पीडीएफनी ती बघता बघता भरते, आणि भरली की सिंक थांबून जादा जागा विकत घेण्याच्या सूचना सुरू होतात.

एखाद्या यंत्रावर हे आधीच सुरू झालं असेल तर घाईने वनड्राइव्ह अनइन्स्टॉल करू नका. फाइली हरवल्याच्या बहुतेक तक्रारी इथेच जन्माला येतात. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलशेजारी खूण असते. निळा ढग म्हणजे फाइल लॅपटॉपवर नाहीच, फक्त तिचं नाव दिसतंय. पांढऱ्या गोलातली हिरवी बरोबरची खूण म्हणजे सध्या लॅपटॉपवर आहे, पण जागा कमी पडली तर विंडोज ती काढून टाकू शकते. भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण म्हणजे कायम लॅपटॉपवर. सगळं निवडून राइट-क्लिक करा, 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' द्या आणि सगळ्या फाइलींवर भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबा. मगच टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हातून सेटिंग्ज → सिंक अँड बॅकअप → मॅनेज बॅकअप इथे तिन्ही फोल्डर बंद करा.

बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरायचं कारण नाही. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्ये राहिलेल्या असतात. तिथून कॉपी करून मूळ फोल्डरमध्ये टाका, फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतोय का ते प्रॉपर्टीजमध्ये पाहा, चार-दोन फाइली उघडून बघा. मग 'अनलिंक धिस पीसी', आणि शेवटी अनइन्स्टॉल. वेबवरच्या प्रती वेगळ्या उडवाव्या लागतात. वैयक्तिक अकाउंटवर त्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतात, म्हणून तो बिनही रिकामा करा. प्रोवर ग्रुप पॉलिसीत (यंत्राचे नियम ठरवायची विंडोजमधली जागा) 'प्रिव्हेंट द युसेज ऑफ वनड्राइव्ह फॉर फाइल स्टोरेज' चालू केलं की प्रश्न मुळातच मिटतो.

वनड्राइव्ह गेलं म्हणजे तुमच्याकडे एकही बॅकअप उरत नाही. एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, बाहेरची डिस्क त्याच दिवशी लावा. बिटलॉकर टू गो या विंडोजच्या सोयीने डिस्क एन्क्रिप्ट करायला प्रो लागतं. होमवर ती उघडता येते, पण बनवता येत नाही. म्हणून डिस्क प्रोवर तयार करा.

दुसरी गोष्ट, रिकव्हरी की, म्हणजे एन्क्रिप्ट झालेली डिस्क अडली तर उघडायची किल्ली. २४एच२ नव्याने बसवलं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की होमवरसुद्धा डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप लागतं आणि ४८ आकडी की त्या अकाउंटमध्ये जमा होते. नंतर लोकल अकाउंटवर (फक्त त्या यंत्रापुरतं, मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं खातं) गेलात तरी एन्क्रिप्शन तसंच राहतं आणि कीची ती एकमेव प्रत तुम्ही वापरणं सोडून दिलेल्या अकाउंटमध्ये पडून असते. मदरबोर्ड बदलला, बायॉसमध्ये सिक्युअर बूटची सेटिंग हलवली की निळा पडदा येऊन की मागतो. ती नसेल तर डेटा गेला, कोणीही परत आणू शकत नाही. म्हणून लोकल अकाउंटवर जाण्याआधी प्रत्येक यंत्राची की कागदावर उतरवा, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. सोबत की आयडीचे पहिले आठ वर्णही लिहा. सहा यंत्रांमधली कुठली की कुठल्या यंत्राची हे त्यावरूनच कळतं. मग अकाउंटमधली प्रत ठेवायची की काढायची ते ठरवा. कंपनीकडे असलेली की कायदेशीर आदेशाने कंपनीकडून मागता येते, हे लक्षात ठेवून ठरवा.

आता लोकल अकाउंट. सेटिंग्ज → अकाउंट्स → युअर इन्फो → 'साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड'. सेटअपमध्ये प्रोवर 'डोमेन जॉइन इन्स्टेड' निवडलं तर पहिल्यापासूनच लोकल अकाउंट बनतं. होमवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय सेटअप उरकण्याची जी पळवाट बरीच वर्षं चालली, ती मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये चाचणी आवृत्त्यांतून काढून टाकली. तिच्या भरवशावर बेत आखू नका. आधी साइन-इन करून मग लोकलवर जाणं, हा रस्ता खात्रीचा आहे.

पुढे कधी ऑफिस किंवा स्टोअरमध्ये साइन-इन केलं तर 'हे अकाउंट सगळीकडे वापरा' अशी विचारणा येते. मोठं बटण 'नेक्स्ट'चं असतं, त्याच्या जवळ बारीक अक्षरात 'मायक्रोसॉफ्ट अ‍ॅप्स ओन्ली' असतं. ते बारीक निवडा. नेक्स्ट दाबलंत तर लोकल अकाउंटचं पुन्हा मायक्रोसॉफ्ट अकाउंट होतं आणि वरचं सगळं परत करावं लागतं. सहाही यंत्रं वापरणाऱ्यांना हा एक पडदा आधीच दाखवून ठेवा.

आता तुमचा पहिला प्रश्न. नाही, होम आणि प्रोवर पूर्ण बंद होत नाही. ग्रुप पॉलिसीत 'अलाऊ डायग्नॉस्टिक डेटा' मध्ये 'ऑफ' हा पर्याय दिसतो, पण तो फक्त एंटरप्राइझ, एज्युकेशन आणि सर्व्हर आवृत्त्यांत मानला जातो. प्रोवर ऑफ निवडलं तरी विंडोज ते 'रिक्वायर्ड' असंच धरते. मात्र रिक्वायर्ड आणि ऑप्शनल यांत फरक मोठा आहे. रिक्वायर्डमध्ये हार्डवेअर, ड्रायव्हर, अपडेट यशस्वी झालं की फसलं, अशा नोंदी असतात. ऑप्शनलमध्ये एजमधून पाहिलेली संकेतस्थळं, अ‍ॅप्सचा वापर आणि क्रॅश झाल्यावर मेमरीचा तपशील जातो. त्या मेमरीत तुम्ही उघडलेल्या फाइलीचा तुकडा चुकून येऊ शकतो, हे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. ओळखपत्राचा स्कॅन उघडा असताना प्रोग्रॅम कोसळला, तर पुढचं सांगायला नको. सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक इथे ऑप्शनल बंद करा, टेलर्ड एक्सपिरियन्सेस (या डेटावरून जाहिराती-सूचना दाखवणारी सोय) दिसलं तर तेही बंद करा आणि खालचं 'डिलीट डायग्नॉस्टिक डेटा' दाबा.

स्क्रिप्ट वापरू नका. सहा यंत्रांसाठी हाताने लागणारा वेळ स्क्रिप्टने मोडलेलं दुरुस्त करण्यापेक्षा कमीच असतो. काही स्क्रिप्ट एज काढताना वेबव्ह्यू२ (अ‍ॅप्सच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) सुद्धा काढतात. नवं आउटलुक आणि नवं टीम्स त्यावरच चालतं. काही स्टोअर काढतात, ते परत बसवणं जिकिरीचं असतं. आणि काही अपडेटच्या सर्व्हिसेसच बंद करतात. दुसऱ्यांची कागदपत्रं ठेवणाऱ्या यंत्रावर सुरक्षेचे पॅच न येणं हा टेलिमेट्रीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

चाळणी

वाटाड्यांशी सहमत. स्क्रिप्टबद्दल एवढंच जोडतो की चालवायचीच असेल तर आधी ती ओळ न ओळ वाचा. इंटरनेटवरून थेट उचलून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवायची एक ओळीची कमांड, म्हणजे खाजगीपणासाठी अनोळखी माणसाला सगळे अधिकार देणं.

नेटवर्कच्या बाजूने सांगतो. होस्ट्स फाइलचा उपाय विंडोजवर आता टिकत नाही. २०२० च्या उन्हाळ्यापासून डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) अशा फाइलीला 'होस्ट्स फाइल हायजॅक' म्हणून पकडतो, गंभीर धोका दाखवतो, आणि तुम्ही 'क्लीन' दाबलं की फाइल मूळ अवस्थेत जाते, तुमच्या बाकीच्या कामाच्या ओळींसकट. डिफेंडरला अपवाद सांगितला तर खराखुरा मालवेअर होस्ट्स फाइल बदलेल तेव्हाही तो गप्प बसेल. शिवाय काही नावांसाठी विंडोज होस्ट्स फाइल पाहतच नाही.

त्यापेक्षा पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम (नको त्या सर्व्हरची नावं अडवणारे प्रोग्रॅम) यांपैकी एक राउटरच्या पातळीवर लावा. सहा यंत्रांना एकदाच पुरतं आणि विंडोजच्या अपडेटने ते बदलत नाही. पण यादी विचार करून निवडा. इंटरनेटवर फिरणाऱ्या 'मायक्रोसॉफ्टचं सगळं बंद' अशा याद्यांनी पुढचे घोळ होतात :

'एमएसएफटी-कनेक्ट-टेस्ट' हे नाव अडवलं की टास्कबारवर 'नो इंटरनेट' दिसतं. विंडोज त्या पत्त्यावरून एक छोटी मजकूर-फाइल मागवते. ती मिळाली नाही की इंटरनेट नाही असं समजते. ब्राउझर व्यवस्थित चालतो, पण काही अ‍ॅप्स विंडोजच्या त्या उत्तरावर विसंबून ऑफलाइन होतात. लोक मग तासन्‌तास वायफायचे ड्रायव्हर बदलत बसतात.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या लॉगिनचं 'लाइव्ह'चं नाव अडवलं तर स्टोअर आणि ऑफिसचं अ‍ॅक्टिव्हेशन अडतं.

विंडोज अपडेटच्या नावाखालचं 'सीटीएलडीएल' अडवलं तर विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी जुनी राहते. हे सगळ्यात वाईट, कारण लगेच काही दिसत नाही. काही महिन्यांनी एखादं सरळ संकेतस्थळ किंवा सही केलेला इन्स्टॉलर अविश्वासार्ह ठरतो आणि कारण सापडत नाही.

अडवायचीच तर 'व्हॉर्टेक्स' आणि 'इव्हेंट्स' या नावांची डेटाची टोकं अडवा, आणि आठवडाभर लॉग पाहा. डीएनएसच्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) चाळणीची एक मर्यादा ध्यानात ठेवा : ज्या प्रोग्रॅममध्ये स्वतःचा एन्क्रिप्टेड डीएनएस आहे किंवा थेट आयपी लिहिलेला आहे, तो चाळणीजवळून जातच नाही. फायरफॉक्स आणि क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युअर डीएनएस' काय आहे ते तपासा.

आणि वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून 'बघा किती डेटा जातोय' असं म्हणण्यात फारसा अर्थ नसतो. तुम्हाला सर्व्हरचं नाव आणि बाइट दिसतात, मजकूर दिसत नाही. टेलिमेट्री पाठवणारा विंडोजचा भाग सर्व्हरचं ठरावीक प्रमाणपत्रच मानतो, त्यामुळे मध्ये प्रॉक्सी घालूनही तो उलगडत नाही. आतलं बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर वापरा. डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅकमध्ये 'व्ह्यू डायग्नॉस्टिक डेटा' चालू करायचं, स्टोअरमधून अ‍ॅप घ्यायचं. डिस्कवर १ जीबीपर्यंत जागा लागते. चालू केल्यापासूनच्याच नोंदी त्यात दिसतात, आधीच्या नाहीत. ऑप्शनल चालू असताना अर्धा तास आणि बंद असताना अर्धा तास पाहिलं की फरक डोळ्यांनी दिसतो. 'सेन्सस' नावाने सुरू होणाऱ्या नोंदी हार्डवेअर-सॉफ्टवेअरच्या मोजणीच्या, 'अ‍ॅप्रेझर'च्या नोंदी पुढची आवृत्ती यंत्रावर चालेल का हे पाहणाऱ्या. तपासून झालं की व्ह्यूअर बंद करा, नाहीतर त्या सगळ्या नोंदींची प्रत लॅपटॉपवर साठत राहते.

नोंदवही

दोघांचेही मनापासून आभार. रिकव्हरी कीचा मुद्दा कुठेच वाचनात आला नव्हता.

एक शंका. सगळ्यांनीच ऑप्शनल बंद केलं तर चुका दुरुस्त कशा होणार? हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि मला तो पूर्ण चुकीचाही वाटत नाही. एवढा डेटा खरंच लागतो का?

अर्धविराम

युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. कुठला अर्धा, ते आकड्यांत पाहू.

'किती टक्के लोक अमुक सोय वापरतात' हा प्रश्न असेल तर सगळ्यांचा डेटा मुळीच लागत नाही. १ टक्क्याच्या फरकापर्यंत, ९९ टक्के खात्रीने उत्तर हवं असेल तर साधारण १६,६०० यंत्रांचा यादृच्छिक नमुना पुरतो. एकूण यंत्रं दहा लाख असोत की शंभर कोटी, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. म्हणजे वापराच्या मोजणीसाठी प्रत्येक यंत्राकडून रोज नोंदी घेण्याला संख्याशास्त्राचा आधार नाही.

उलट बाजू अशी, की जो दोष एक लाखात एका यंत्रावर येतो, तो १६,६०० च्या नमुन्यात सापडण्याची शक्यता जेमतेम १५ टक्के. एखाद्या विशिष्ट प्रिंटर ड्रायव्हरमुळे येणारा क्रॅश असाच असतो. तिथे जाळं मोठं लागतं हे खरं. पण क्रॅश ही घटना आहे. ती घडल्यावर 'हा अहवाल पाठवू का, त्यात हे हे आहे' असं त्याच क्षणी विचारता येतं. त्यासाठी आधीपासून कायमची संमती गृहीत धरायची गरज नाही.

कमी डेटात भागतं याचा पुरावाही आहे. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीएनआयएलने, जुलै २०१६ मध्ये विंडोज १० वरून मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली. संकलन गरजेपेक्षा जास्त आहे, हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता. २०१७ मध्ये प्रकरण मिटलं तेव्हा सगळ्यात खालच्या पातळीचा डेटा जवळपास निम्म्यावर आला होता. विंडोज त्यानंतरही चालली, अपडेट्सही आली. जे निम्मं गेलं ते आधी आवश्यक म्हणूनच घेतलं जात होतं, याचं मला फार वाईट वाटतं. आवश्यक हा शब्द एकदा असा वापरला की पुढच्या वेळी खरोखर आवश्यक असलेल्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

विचारून घ्यायचं मनावर घेतलं तर तेही जमतं. गो भाषेच्या टीमने फेब्रुवारी २०२३ मध्ये टूलचेनसाठी (प्रोग्रॅम बनवायच्या साधनांसाठी) टेलिमेट्री सुचवली ती आधी चालूच असलेली, नको असेल तर बंद करा अशी होती. प्रचंड विरोध झाला आणि त्याच महिन्यात त्यांनी ती उलटी केली : मोजण्या लॅपटॉपवरच होतात, आणि तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय काहीही पाठवलं जात नाही. १.२३ आवृत्तीत ती याच रूपात आली. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्येही २०२१ च्या मे महिन्यात टेलिमेट्रीचा प्रस्ताव आला होता, गूगल आणि यांडेक्सच्या सेवा वापरून. तोही मागे घ्यावा लागला.

आता ज्यावर फार कमी बोललं जातं ते. टेलिमेट्रीचा डेटा वाकडा असतो आणि त्याच डेटावर आपल्याला न रुचणारे डिझाइनचे निर्णय बेतले जातात. कंपन्यांमधली यंत्रं, जाणकार लोक, कायद्याने बांधलेली खाती टेलिमेट्री बंद ठेवतात. म्हणजे ज्या सोयी नेमक्या हे लोक जास्त वापरतात, त्या डेटात कमी दिसतात. विंडोज ८ मधून २०१२ मध्ये स्टार्ट बटण गेलं, त्याआधी मायक्रोसॉफ्टने स्टार्ट मेनूचा वापर घटल्याचे आकडे दिले होते. ते आकडे ऐच्छिक सहभागाच्या कार्यक्रमातून आलेले होते. बटण ८.१ मध्ये ऑक्टोबर २०१३ ला परत आलं, पूर्ण मेनू २०१५ मध्ये विंडोज १० सोबत. विंडोज ११ मध्ये टास्कबारवर फाइल ओढून टाकण्याची सोय २०२१ मध्ये काढली, २०२२ मध्ये परत दिली. टास्कबारवर खिडक्यांची नावं वेगवेगळी दाखवण्याची सोय २०२३ मध्ये परत आली. एखादी सोय दिवसातून कितीदा वापरली हे मोजता येतं. तिच्यावाचून कोणाचं किती अडतं, हे त्या मोजणीत येत नाही. बॅकअप परत आणायचं बटण वर्षातून एकदा दाबलं जातं, म्हणून ते बिनमहत्त्वाचं ठरत नाही.

तेव्हा तुम्ही ऑप्शनल बंद करा, निःसंकोच. एखादी चूक सापडली तर फीडबॅक हबमध्ये पायऱ्यांसकट नीट लिहा. स्क्रीनशॉट जोडण्याआधी त्यात कोणाचं नाव किंवा खाते क्रमांक दिसत नाही ना, ते बघा.

वाटाड्या

अर्धविराम, क्रॅशच्या क्षणी विचारण्याबद्दल थोडा मतभेद. तत्त्व पटतं. पण ज्या यंत्रावर दुसऱ्यांची कागदपत्रं उघडी असतात, तिथे वापरणारी व्यक्ती त्या तिसऱ्या माणसाच्या वतीने 'हो' म्हणू शकत नाही. मेमरीच्या अहवालात काय आलंय ते तिला वाचताही येत नाही. म्हणून नोंदवहींसाठी उत्तर एकच : क्रॅशचा मेमरीसकट अहवाल कधीच नाही, विचारला तरी नाही.

अर्धविराम

मान्य. संमती ज्याची माहिती आहे त्याची हवी. माझं म्हणणं घरगुती यंत्रापुरतं धरा.

चाळणी

ब्राउझर राहिला. वेबवरचे फॉर्म भरताना टाइप केलेला मजकूर बाहेर जाण्याची वाट तिथे आहे. क्रोममध्ये स्पेलचेकचे दोन प्रकार आहेत. साधा प्रकार शब्दकोश उतरवून घेतो आणि तपासणी लॅपटॉपवरच करतो. 'एन्हान्स्ड' चालू केला तर तुम्ही चौकटीत टाइप केलेलं गूगलकडे जातं. एजमध्ये लिखाण-साहाय्याचा मायक्रोसॉफ्ट एडिटर तसाच. दोन्हींत साधा प्रकार निवडा. एजच्या 'प्रायव्हसी, सर्च अँड सर्व्हिसेस' मध्ये पाहिलेल्या संकेतस्थळांचा डेटा सर्च सुधारण्यासाठी पाठवण्याचं वेगळं बटण आहे, विंडोजचं ऑप्शनल बंद केलं म्हणून ते बंद होत नाही. प्रोफाइलचं सिंकही बंद करा, नाहीतर एका यंत्रावर साठवलेले पत्ते आणि पासवर्ड त्या अकाउंटच्या प्रत्येक यंत्रावर पोचतात.

नोंदवही

समजलं. शेवटचा प्रश्न राहिला : अपडेटनंतर काय काय तपासायचं? आणि रिकॉल, म्हणजे पडद्याची चित्रं साठवणारी विंडोजची सोय, या यंत्रांवर येईल का?

वाटाड्या

रिकॉल आधी. तो फक्त कोपायलट+ यंत्रांवर चालतो : ४० टॉप्स वेगाचा एनपीयू (एआयच्या कामाची वेगळी चिप), १६ जीबी रॅम, २५६ जीबी डिस्क. तुमची यंत्रं त्यात बसत नसतील तर विषय संपला. बसत असतील तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये रिकॉलची खूण काढा आणि यंत्र रीस्टार्ट करा. मे २०२४ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा पडद्याची चित्रं आणि त्यातला मजकूर ज्या डेटाबेसमध्ये ठेवला जाई, तो त्या युजरच्या खात्यात चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येत होता. सुरक्षा संशोधकांनी ते दाखवल्यावर जूनमध्ये तो लांबणीवर पडला आणि २०२५ मध्ये एन्क्रिप्शन, विंडोज हॅलो आणि विचारून चालू होणं अशा बदलांसह आला. आताची रचना बरीच बरी आहे. तरीही ओळखपत्रं दिवसभर पडद्यावर असतील तिथे पडद्याची चित्रं साठवणारं काही नकोच.

अपडेटचं असं आहे. महिन्याचं सुरक्षा अपडेट सेटिंग्जना सहसा हात लावत नाही. वर्षाचं मोठं अपडेट बऱ्याचदा विंडोज जवळजवळ नव्याने बसवतं आणि तुमच्या जुन्या सेटिंग्ज तिकडे नेतं. ग्रुप पॉलिसीने लावलेलं टिकतं. सर्व्हिसेसमध्ये जाऊन हाताने बंद केलेलं आणि काढून टाकलेली अ‍ॅप्स परत येऊ शकतात. म्हणून 'कनेक्टेड युजर एक्सपिरियन्सेस अँड टेलिमेट्री' ही सर्व्हिस बंद करण्यामागे लागू नका. प्रोवर पॉलिसीत 'रिक्वायर्ड' ठरवून टाका : कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन → अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → विंडोज कॉम्पोनंट्स → डेटा कलेक्शन अँड प्रिव्ह्यू बिल्ड्स. होमवर पॉलिसीचा एडिटर नाही, तिथे हाताने तपासावं लागेल.

मोठ्या अपडेटनंतर कधी कधी 'तुमचं यंत्र पूर्ण सेटअप करू या' असा निळा पडदा येतो. त्यात पुढे-पुढे दाबत गेलं की वनड्राइव्हचा बॅकअप आणि एजचं डीफॉल्ट परत लागतं. नकाराला तिथे बऱ्याचदा 'रिमाइंड मी इन ३ डेज' एवढंच बटण असतं. तेच दाबा आणि लगेच सेटिंग्ज → सिस्टीम → नोटिफिकेशन्स → अ‍ॅडिशनल सेटिंग्ज इथल्या तिन्ही खुणा काढा, म्हणजे तो पडदा येत नाही. स्टार्टमधल्या शिफारशी पर्सनलायझेशन → स्टार्टमध्ये बंद होतात.

स्टार्टमध्ये शोधताना शब्द बिंगकडे जाऊ नयेत यासाठी प्रोवर जी पॉलिसी लागते तिचं नाव दिशाभूल करणारं आहे : युजर कॉन्फिगरेशनमध्ये फाइल एक्सप्लोररखाली 'टर्न ऑफ डिस्प्ले ऑफ रीसेंट सर्च एंट्रीज'. ती चालू केली की वेबचे निकाल येणं थांबतं. लोकांची नावं टाकून फाइली शोधणार असाल तर हे नक्की करा.

प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर होमच्या चार यंत्रांवर चार जागा बघा : युअर इन्फोमध्ये 'लोकल अकाउंट' लिहिलंय का, डेस्कटॉपच्या प्रॉपर्टीजमधल्या पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द नाही ना, ऑप्शनल डायग्नॉस्टिक बंद आहे का, आणि जाहिरातीचा आयडी बंद आहे का. काही बिघडलंच तर मागे जाण्याची मुदत साधारण १० दिवस असते. त्यानंतर विंडोज.ओल्ड फोल्डर आपोआप उडतो, तेव्हा ही तपासणी पहिल्याच दिवशी उरका. रिकव्हरी की बदललीय का तेही तेव्हाच पाहा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड खिडकीत मॅनेज-बीडीईने सी ड्राइव्हचे प्रोटेक्टर्स मागवले की आयडी दिसतो. कागदावरच्या पहिल्या आठ वर्णांशी तो जुळला नाही तर जुना कागद फाडून नवी की उतरवा.